समास, जालपृष्ठावरील
समास, जालपृष्ठावरील : संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या जालपृष्ठातील मजकूर, चित्रे इ. घटकांभोवती राखावयाची मोकळी जागा. पोथीत वा पुस्तकात पानाच्या कडेस सोडलेल्या कोऱ्या जागेस समास म्हणतात. जालपृष्ठात मात्र प्रत्येक घटकास स्वतःचा समास देता येतो.

खिळामुद्रणात मोकळी जागा ही एक वस्तूच असे. जुळारी शब्दांमध्ये खिळ्यांपेक्षा कमी उंचीचे, शाई न लागणारे धातूचे तुकडे आणि ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या बसवीत असे. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी निर्माण केलेल्या एचटीएमएल भाषेत प्रारंभी असे साधन नव्हते. शीर्षक कोणते व परिच्छेद कोणता एवढेच ती सांगे. मोकळी जागा किती सोडावयाची, हे ब्राउझर ठरवी. त्यामुळे रचनाकारांनी कोष्टकांचे अदृश्य रकाने आणि एका बिंदूएवढे पारदर्शक चित्र ताणून जागा अडविण्याची युक्ती योजिली. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ मधील पुस्तकाने तिचा विशेष प्रसार झाला. तथापि पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रणालीवर अवलंबून असलेल्या अंध वाचकांना अशी पृष्ठे जाचक ठरत. पर्यायी मजकूर नसल्यास चित्राच्या फाइलीचे निरर्थक नाव उच्चारले जाई आणि कोष्टकांमुळे वाचनाचा क्रम विस्कळीत होई.

यावरील उपाय होकोन व्यूम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडलेल्या प्रस्तावातून पुढे आला. पृष्ठाचा आशय व त्याचे दृश्यरूप वेगळे ठेवावे, हे त्यामागील तत्त्व होय. बेर्ट बोस यांच्या सहकार्याने त्यातून सीएसएस ही शैलीभाषा सिद्ध झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १७ डिसेंबर १९९६ रोजी तिला मान्यता दिली. तीनुसार प्रत्येक घटक ही एक पेटी मानली जाते. मध्यभागी आशय, त्याभोवती आतील मोकळी जागा म्हणजे पॅडिंग, मग कड आणि सर्वांत बाहेर समास, असे तिचे चार थर असतात. एकाखाली एक येणाऱ्या दोन परिच्छेदांच्या समासांची बेरीज होत नाही. २० व ३० बिंदूंचे समास एकत्र आल्यास ३० बिंदूंचेच अंतर राहते.

पेटीची रुंदी कोठून मोजावी, यावरून मात्र घोटाळा झाला. रुंदी ३०० बिंदू, दोन्ही बाजूंस २० बिंदूंचे पॅडिंग आणि ५ बिंदूंची कड असल्यास मानकानुसार पेटी ३५० बिंदू जागा व्यापते. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ (विंडोज आवृत्ती) ३०० बिंदूंतच सर्व बसवी. आशयास २५० बिंदू उरत. परिणामी एकच पृष्ठ दोन ब्राउझरांत निरनिराळे दिसे व रचना मोडे. २००१ मधील सहाव्या आवृत्तीने, पृष्ठाच्या आरंभी योग्य प्रकारघोषणा असल्यास, मानकाची रीत पाळली. पुढे बॉक्स-सायझिंग या गुणधर्माने दोन्ही रीती मान्य झाल्या आणि एकेकाळी सदोष ठरलेली रीतच सोयीची म्हणून अनेक रचनाकारांनी स्वीकारली.

२०१७ मध्ये प्रमुख ब्राउझरांत आलेल्या ग्रिड पद्धतीमुळे घटकांमधील अंतर एकत्रितपणे ठरविता येऊ लागले. जागा अडविण्यासाठी कोष्टके व पारदर्शक चित्रे वापरण्याचे कारण त्यानंतर उरले नाही.