अफवेचे पाय आणि विश्वासाचा हात

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत आर्थर रोडवरील इस्पितळावर सुमारे एक हजार गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या इस्पितळात त्या वेळी प्लेगचे रोगी ठेवलेले होते. रोग्यांना वाचविणाऱ्या वास्तूवरच लोकांचा एवढा रोष का व्हावा? त्याच महिन्यात राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाची भरपाई म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागितली आहेत आणि ती इस्पितळात काढली जातात, अशी वार्ता शहरभर पसरली होती.

ही वार्ता खरी मानणारे लोक मूर्ख होते, असे म्हणून चालणार नाही. रोग्यास घरातून उचलून नेत आणि गेलेला माणूस क्वचितच परत येई. भीती अगोदरच होती, सरकारवर विश्वास नव्हता. अफवेने या दोहोंस केवळ एक गोष्ट पुरविली. बळजबरीने हा संताप शमला नाही. ९ मार्च १८९८ रोजी घरझडतीवरूनच मुंबईत पुन्हा दंगल उसळली. उलट १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली; पुढे आगाखानांनीही ती सर्वांदेखत घेतली, तेव्हा त्यांचे हजारो अनुयायी निर्भयपणे पुढे आले. हुकुमाने जे साधले नाही, ते उदाहरणाने साधले.

त्या काळी अफवा पायी चालत असे. आता ती खिशातल्या दूरध्वनीतून क्षणार्धात धावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. त्या सुमारास देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीतील जनजागृतीसाठी केलेली होती. तिच्यातला शेवटचा उपदेश तेवढा कापलेला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. उपाय साधा होता: अफवेच्या पायात थोडी बेडी घालणे.

तथापि यंत्राची बेडी पुरेशी नाही. पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या पालघरमधील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी चोरांच्या अफवेपायी दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक प्राणास मुकले. ठाण्याच्या कोपरीतील सुशिक्षित घरांस हे दूरच्या रानातले प्रकरण वाटेल. परंतु इमारतीच्या गटावर आलेला 'सावध राहा' हा संदेश पुढे ढकलणारे बोटही सुशिक्षितच असते.

संदेश पुढे पाठविण्यापूर्वी ओळखीच्या जाणत्या माणसास किंवा पोलीस ठाण्यास एकदा विचारणे, एवढाच अवधी पुष्कळदा पुरेसा असतो. अफवेस घाई लागते, सत्यास मात्र विश्वासाचे माणूस लागते. वस्तीत असे माणूस असेल, तर हातात घेतलेला दगड पुन्हा खाली ठेवला जातो.