पाटी लावून बंद, की न उचललेला फोन?

13 मार्च 2020. सकाळी निफ्टी 10 टक्के कोसळला आणि बाजार 45 मिनिटं थांबला. पहिल्या पगारातून घेतलेले चार शेअर विकायला काढले होते, ते तसेच अडकले. जाम वैतागलो! पण उघडल्यावर बाजार फिरला आणि सेन्सेक्स चक्क 1,325 अंकांनी वर बंद झाला. 23 मार्चला पुन्हा तसाच थांबला. त्यानंतर मात्र आणखी पडला, दिवसअखेर 13 टक्के खाली. म्हणजे थांबल्याने भाव सावरतोच असं नाही.

मग हा नियम हवा कशाला? त्यासाठी 19 ऑक्टोबर 1987 च्या अमेरिकेत जावं लागतं. त्या दिवशी डाऊ जोन्स 22.6 टक्के घसरला. नॅस्डॅकवरच्या मार्केट मेकरचं काम म्हणजे खरेदी-विक्रीचे दोन्ही भाव देत राहणं. मधला फरक ही त्यांची कमाई. पण त्या दिवशी अनेकांनी फोनच उचलले नाहीत. बाजार कागदोपत्री चालू, छोट्या गुंतवणूकदाराला मात्र बंद. 1988 मध्ये छोट्या ऑर्डर आपोआप पुऱ्या करणारी यंत्रणा त्यांच्यावर सक्तीची झाली, आणि त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्कला सर्किट ब्रेकर आले.

आमच्या भाषेत सांगायचं तर, आधी सांगून सर्व्हर बंद ठेवणं वेगळं आणि रिक्वेस्ट गुपचूप गिळणं वेगळं. माझा वैताग खरा होता. पण त्या 45 मिनिटांत इथल्या बाजारात मोठे फंडही माझ्यासारखेच खोळंबले होते, आणि शटर कधी उघडणार हे दोघांनाही ठाऊक होतं. न्याय म्हणायचा तर एवढाच. असो.