किल्ल्यातलं पुस्तक

चांदबिबीची गोष्ट आजी सांगायची ती अशी: दारूगोळा संपला तेव्हा तिनं आधी तांब्याची, मग चांदीची नाणी तोफांत भरली आणि मोगलांनी सुरुंगानं पाडलेलं खिंडार एका रात्रीत बांधून काढलं. नाण्यांचं खरं-खोटं इतिहासकार जाणोत. 1596चं ते खिंडार मात्र खरं. आमचं घर भिंगारला, अहमदनगरच्या किल्ल्याला लागूनच, त्यामुळे आजीची गोष्ट ऐकून झाली की आम्ही पोरं खंदकापर्यंत धावत जायचो.

आजोबांची गोष्टही याच किल्ल्याची, पण त्यांच्या डोळ्यांदेखत घडलेली. 9 ऑगस्ट 1942ला पहाटे मुंबईत धरपकड झाली. गांधीजींना पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं आणि काँग्रेस कार्यकारिणीला नगरला आणलं. सरकारनं ठिकाण गुप्त ठेवलं होतं. आजोबा तेव्हा शाळकरी पोर. किल्ल्यात कुणी मोठी माणसं आहेत, एवढीच कुजबुज त्यांच्या कानावर आली होती. पुढे नावं कळली ती त्यांनी जन्मभर बोटांवर मोजली: नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि बारावे आपले शंकरराव देव. शेवटच्या नावाला आजोबांचा आवाज चढायचा.

पुढचं मला वाचनातून कळलं. कैदेत नेहरू बागकाम करत. जमीन मुरमाड, पडक्या बांधकामांच्या राबिटानं भरलेली. खणता खणता जुन्या भिंती लागायच्या, घुमटांचे माथे लागायचे. एकदा भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ निघालं. फार खोल खणणं अधिकाऱ्यांना पसंत नव्हतं, हत्यारंही धड नव्हती. मग त्यांनी लेखणी घेतली. 1944च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत हातानं लिहिलेली हजारेक पानं झाली. तेच 1946 साली ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ म्हणून छापलं गेलं.

हे पुस्तक एकट्या नेहरूंचं, असं आपण समजतो. मला ते पुरतं पटत नाही. पुस्तकाची अर्पणपत्रिका या सगळ्या सहबंद्यांच्या नावे आहे, आणि आझाद, पंत, नरेंद्र देव व असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण प्रस्तावनेत नावानिशी मानलेलं आहे. अरबी-फारसीचा पंडित, बौद्ध दर्शनाचा अभ्यासक, आंध्रचा डॉक्टर, ओडिशाचा इतिहासप्रेमी: अशी माणसं एका अंगणाभोवती पावणेतीन वर्षं जेवली, भांडली, बोलली. देशाचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला याहून चांगली सोबत कुठे मिळाली असती? इंग्रजांनी ती स्वतःच्या हातानं जमवून दिली.

त्या सोबतीला दुःखाचीही वीण होती. 1943च्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांच्या आजारपणात सरकारकडे भेटीची परवानगी मागा, असं सुचवलं गेलं होतं, पण आझादांनी अर्ज केला नाही. त्या काळातली त्यांची न पाठवलेली पत्रं म्हणजेच ‘गुबार-ए-खातिर’. पहाटेच्या चहावर आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर त्यांत पानंच्या पानं आहेत, आणि पत्नीवरचं पत्रही आहे. ते वाचताना माझा कंठ दाटतो.

मंडालेचं गीतारहस्य आणि धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी सांगितलेली, साने गुरुजींनी उतरवून घेतलेली गीताप्रवचनं मराठी माणसाला पाठ आहेत. नगरच्या किल्ल्यातलं हे लेखन त्याच रांगेतलं, पण खुद्द नगरकरांनाही त्याची पुरेशी आठवण नाही. शाळांच्या सहली ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात त्या डोंगरावर जातात, तो तर सलाबतखानाचा मकबरा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, पण नेत्यांच्या त्या खोल्या आत जपून ठेवल्या आहेत. शिक्षकांनी रीतसर परवानगी काढून मुलांना तिथे न्यावं. ‘डिस्कव्हरी’च्या पहिल्या प्रकरणाचं नावच ‘अहमदनगर किल्ला’ आहे, ते तिथंच उभं राहून वाचून दाखवावं.