तळटीप : ‘अभिसंधित प्रतिसाद’

१. अभिसंधित प्रतिसाद : लेखकाने येथे पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचेच उदाहरण घेतले आहे. त्यावरून, अन्नाला जो प्रतिसाद तोच अन्नाच्या खुणेलाही मिळतो, असा समज होईल. तो अपुरा आहे. खूण आणि लाभ यांच्यात किती वेळ जातो, यावर प्रतिसादाचे रूपच बदलते. मायकेल डोम्यान व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जपानी लावा पक्ष्याच्या नरांवर केलेला प्रयोग याचा फार देखणा पुरावा आहे. खुणेनंतर मिनिटभरात मादी भेटणार असेल, तर नर खुणेजवळ जात. २० मिनिटांनी भेटणार असेल, तर खूण सोडून येरझारा घालत. दुसऱ्या गटातले नर काही शिकलेच नाहीत, असे मुळीच नव्हे. फक्त खुणेपाशी डोळे लावून बसलेल्या निरीक्षकाला ते दिसले नसते. विल्यम टिंबरलेक यांच्या ‘वर्तनव्यवस्था’ विचारानुसार भूक, प्रजनन अशा प्रत्येक गरजेसाठी प्राण्याजवळ एक क्रम तयारच असतो : आधी दूरवरचा शोध, मग जवळचा, शेवटी प्रत्यक्ष उपभोग. यातला कोणता टप्पा जागा व्हायचा, ते वेळ ठरवते. पुढील प्रकरणांतील ‘प्रतिसाद आढळला नाही’ हे शेरे वाचकांनी याच दृष्टीने तपासून पाहावेत. — संपा.