मिठाच्या भिंती, कातड्याची छपरे

आपल्याकडे पान वाढायला घेतले की पहिला मान मिठाचा. डाव्या अंगाला वर चिमूटभर मीठ पडले, की मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर यांची पाळी येते. सणावाराच्या पंगतीत हा क्रम चुकला तर घरातली जुनी माणसे लगेच हटकतात. एवढा मान दिला, तरी त्या चिमटीकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहत नाही, कारण वाण्याच्या दुकानात मिठाहून स्वस्त जिन्नस शोधावाच लागेल. आज ज्या गावाची हकीकत सांगायची आहे, त्या गावात मात्र मिठाखेरीज दुसरे काही नव्हतेच. घरे मिठाच्या चिऱ्यांची, मशीद मिठाच्या चिऱ्यांची आणि वर छप्पर म्हणून उंटाची कातडी. हे गाव आफ्रिकेत, सहारा वाळवंटात, आजच्या माली देशाच्या पार उत्तरेला होते. त्याचे नाव तघाझा.

या गावाचे वर्णन लिहून ठेवणारा गृहस्थ आपल्याला अगदीच परका नाही. त्याच्या पायांना आपल्या मराठवाड्याची धूळ लागलेली होती. इब्न बतूता हे त्याचे नाव. मोरोक्कोतल्या तांजिर शहरी १३०४ साली तो जन्मला, एकविसाव्या वर्षी मक्केच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडला आणि सुमारे चोवीस वर्षांनी मायदेशी परतला. मधल्या काळात तो दिल्लीला महंमद तुघलकाच्या पदरी काजी होता. १३४२ साली सुलतानाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून धाडले. त्या वाटेवर देवगिरी लागली, तीच तेव्हाची दौलताबाद. जालन्याहून सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाच्या आत आपण ज्या किल्ल्याच्या पायथ्याशी पोचतो, तोच हा किल्ला.

आपल्या मुलखाविषयी त्याने पुष्कळ लिहिले आहे. दौलताबादेत द्राक्षे नि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, गाणाऱ्यांचा एक स्वतंत्र बाजार आहे, आणि किल्ल्याच्या अंधारकोठडीतले उंदीर एवढे दांडगे की मांजरेच त्यांना पाहून पळतात, असे तो सांगतो. उंदरांची गोष्ट त्याने तिथे कैदेत राहिलेल्या एका सरदाराच्या तोंडून ऐकली होती, तेव्हा उंदरांच्या आकाराचा थोडा भाग आपण त्या सरदाराच्या भीतीच्या खाती टाकू. नंदुरबारच्या मराठी लोकांबद्दल त्याने लिहिले, की ते हस्तकलांत निपुण आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणतात, भात, भाजी नि तिळाचे तेल खातात, जनावराला पीडा देत नाहीत, जेवणाआधी अंग धुतात, सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात सोयरीक करीत नाहीत आणि मद्याला शिवत नाहीत.

हा मजकूर वर्गात सांगितला की मुलांच्या माना ताठ होतात. बतूता शाळेत आला असता तर मुलांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवला असता. पण परक्याच्या पुस्तकातली आपल्या वाट्याची गोड वाक्ये तेवढी वेचून घ्यावीत आणि बाकीचे पुस्तक मिटून ठेवावे, हे काही मला पटत नाही. म्हणून या माणसाबरोबर आणखी थोडे पुढे जाऊ.

मायदेशी परतल्यावरही त्याचा पाय घरात ठरेना. सहाराच्या दक्षिणेला माली नावाचे श्रीमंत राज्य होते. तिथला राजा मन्सा मूसा १३२४ साली हजला निघाला, तेव्हा त्याने कैरो शहरात एवढे सोने वाटले की तिथे सोन्याचा भाव पडला. ही कीर्ती उत्तरेकडे सगळ्यांच्या कानी होती. बतूता निघाला तेव्हा मूसाचा भाऊ सुलेमान गादीवर होता. वाळवंटाच्या उत्तर काठावरच्या सिजिलमासा गावी त्याने उंट घेतले, त्यांना चार महिने चारा घालून धष्टपुष्ट केले आणि १३५२ च्या फेब्रुवारीत तो एका तांड्याबरोबर निघाला. पंचवीस दिवसांनी तघाझा आले.

तिथे दहा दिवस मुक्काम पडला आणि ते दहा दिवस त्याला नकोसे झाले. झाड औषधालाही नाही. पाणी मचूळ, माश्या बेसुमार. जमीन खणली की मिठाचे जाड थर लागत, जणू कुणी तासून एकावर एक रचून ठेवले आहेत. त्या थरांतून लाद्या कापायच्या आणि उंटाच्या पाठीला दोन दोन बांधायच्या, एवढाच उद्योग. पाऊस जवळजवळ नसल्यामुळेच ही घरे टिकत. आपल्या मृगाच्या एका सरीने ते सारे गाव वाहून नेले असते!

आता तिथे राहत कोण होते? मस्सूफा नावाच्या वाळवंटी जमातीचे गुलाम. दुसरे कुणी नाही. मालक दूर, खाणीत गुलाम. त्यांच्या गावात काही पिकत नव्हते, म्हणून उत्तरेकडून खजूर येई, उंटाचे मांस मिळे, आणि दक्षिणेकडून, काळ्या लोकांच्या देशातून, एक भरड धान्य येई. त्याला तिकडे अनली म्हणत. हे धान्य म्हणजे आपल्या बाजरीच्या घरातले. तांडा आला तर चूल पेटायची, तांडा चुकला तर उपास. आपल्या भागाने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला आहे. धान्य बाहेरून येईल तेव्हाच चूल पेटेल, या वाट पाहण्याचा अर्थ आपल्याला निराळा समजावून सांगायला नको.

अशा या दरिद्री गावात खंडोगणती सोन्याचा व्यवहार होतो, याचे बतूताला नवल वाटले. दक्षिणेचे व्यापारी सोन्याची भुकटी घेऊन येत आणि मीठ नेत. त्याने भाव टिपून ठेवले आहेत. वाळवंट ओलांडून वलाता गावी मिठाच्या एका ओझ्याला आठ ते दहा मिस्काल सोने पडे. तेच ओझे मालीच्या राजधानीत गेले की वीस ते तीस, आणि कधी कधी चाळीस. मिस्काल म्हणजे सुमारे सव्वाचार ग्रॅम. तिकडे मिठाचे तुकडे करून नाण्यासारखे बाजारात चालवीत. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. तघाझाही सोन्याचा पाळणाच म्हणायचा. फक्त त्यात निजणारे आणि तो हलवणारे वेगळे होते.

आपल्याकडे कोकणातले मीठ घाट चढून यायचे ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवर. लमाण हा शब्दच लवणावरून आला असे सांगतात. बैल जिथे पाणी तिथे थांबे. तघाझाच्या पुढे मात्र दहा दहा दिवस पाणी नाही. मग तांडा एका माणसाला पुढे धाडी. त्याला तक्शीफ म्हणत. तो एकटा वलात्याला जायचा, व्यापाऱ्यांची पत्रे पोचवायचा आणि तिथले लोक पाणी घेऊन चार दिवसांची वाट उलट चालत यायचे. तक्शीफ वाटेत मेला तर वलात्याला वार्ताच नाही, आणि सारा तांडा वा त्यातले बरेच लोक मरायचे. बतूताच्या तांड्याने या कामाला शंभर मिस्काल मोजले. वाट दाखवणाऱ्याचा एक डोळा गेलेला आणि दुसरा आजारी, पण वाळवंटाची वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. त्या प्रवासात एक माणूस आपल्या मामेभावाशी भांडून रागारागाने मागे राहिला आणि वाळूत कायमचा हरवला. तेव्हापासून बतूता तांड्याच्या पुढेही गेला नाही नि मागेही राहिला नाही.

वलात्याला पोचल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने पाहुण्यांना जेवायला बोलावले. जायला त्याची नाखुशीच होती, पण सोबत्यांनी आग्रह केला. समोर काय आले? अर्ध्या भोपळ्याच्या करटीत भरडलेली अनली, थोडा मध नि दूध. यासाठीच का बोलावले, असे त्याने विचारले. होय, हा इथला मोठा पाहुणचार, असे उत्तर मिळाले. दिल्लीच्या दरबारात जेवलेल्या माणसाने नाक मुरडले आणि तिथूनच परत फिरावे असे त्याला वाटले.

मला मात्र ती करटी मोलाची वाटते. शास्त्रज्ञ सांगतात की बाजरी पहिल्याने माणसाच्या हाताखाली आली ती सहाराच्या या दक्षिण काठावर, माली देशातच, किमान साडेचार हजार वर्षांपूर्वी. तिथून ती पूर्वेला सरकत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात पोचली. संक्रांतीच्या भोगीला आपण तीळ लावून जी भाकरी थापतो, तिचे माहेर हे. बतूताने नाक मुरडले ते आपल्याच भाकरीच्या आजीला पाहून!

सोने आणि मीठ यांच्या जोडीला त्याला तिकडे आणखी एक चलन दिसले, कवड्या. नायजर नदीकाठच्या गाओ शहरात त्यांनीच खरेदी-विक्री चाले. आई तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातल्या माळेत असतात त्याच ह्या कवड्या. त्यांचे मोठे माहेर मालदीवची बेटे, आणि बतूता त्या बेटांवर १३४३ नि १३४४ साली काजी म्हणून राहिलेला. तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, इकडे मालीत अकराशे पन्नास. जवळजवळ साडेतीनशे पट फरक! कवडीमोल वस्तू वाळवंटापलीकडे गेली की कवडीमोल राहत नाही.

याच मालदीवमधल्या मजकुरात एक ओळ आहे. तिथल्या वजिराने त्याला एक दासी देऊ केली आणि विचारले, हीच ठेवतोस की मराठी दासी पाठवू? बतूताने मराठी मागितली. ती आली. तिचे नाव गुलिस्तान. तिला फारसी येत होती, आणि बेटावरची भाषा त्याला येत नसल्याने ती त्याच्या सोयीची झाली. गुलिस्तान हे नाव फारसी; आईबापांनी पाळण्यात ठेवलेले नाव दुसरेच असणार. नंदुरबारच्या परिच्छेदावर माना ताठ करणाऱ्यांनी ही ओळही वाचावी. आपल्या मुलखातली एक लेक समुद्रापलीकडच्या बेटावर भेटीदाखल दिली जाते, आणि पुस्तकात तिच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात.

मालीत त्याने चांगलेही पाहिले, आणि ते प्रामाणिकपणे लिहिले. वाटेवर चोराचे भय नाही, आणि परदेशी माणूस मेला तर त्याचे धन राजा घेत नाही, ते त्याच्या वारसासाठी जपून ठेवतात, असे तो म्हणतो. परतीच्या वाटेवर तकद्दा नावाच्या तांब्याच्या खाणीच्या गावी त्याला शिकलेली दासी विकत हवी होती. काजीच्या ओळखीने एक मिळाली, पंचवीस मिस्कालांना. राजधानीत मिठाच्या एका ओझ्याचा भाव वीस ते तीस मिस्काल, हे वर आलेच आहे. १३५३ च्या सप्टेंबरात तो तिथून एका मोठ्या तांड्याबरोबर उत्तरेला निघाला. त्या तांड्यात सहाशे दासी होत्या. वाळू, पाण्याचे मुक्काम आणि पुढे अॅटलस पर्वतातले बर्फ यांबद्दल त्याने लिहिले. त्या सहाशे जणींबद्दल आकड्यापलीकडे काही नाही.

त्याने हे सारे फेज शहरात एका लेखनिकाला सांगितले आणि १३५५ च्या डिसेंबरात ग्रंथ पुरा झाला. तघाझाच्या खाणी पुढे सव्वादोनशे वर्षांच्या आसपास चालल्या. सोळाव्या शतकात त्यांच्यावरून मोरोक्कोचा सुलतान आणि सोंघाई राज्य यांचे जुंपले, खाणी ओस पडल्या, आणि १५९१ साली बंदुका घेऊन वाळवंट उतरलेल्या मोरोक्कोच्या फौजेने सोंघाईही बुडवले. मिठाचे काम आग्नेयेला सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या तावदेनीला गेले. तिथेही खाणकऱ्यांच्या झोपड्या मिठाच्या चिऱ्यांच्याच. १९६९ ते १९८८ या काळात माली सरकारने तिथे तुरुंग ठेवला होता आणि राजकीय कैद्यांकडून मीठ खणून घेतले जाई. कित्येक तिथेच वारले. तावदेनीच्या लाद्या अजून तिंबक्तूला येतात, आता मालमोटारींतून, आणि काही पूर्वीप्रमाणे उंटांवरून, एका उंटावर चार.