खान्देशातील रोकड, उधारी आणि कार्ड

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. गणिताचे अभ्यासक या लेखाकडे भास्कराचार्यांसाठी वळतात. त्यातला जुन्या मराठीचा भाग मात्र बाजाराचा आहे. गावात येणाऱ्या मालावर मठासाठी काय घ्यायचे ते तिथे ठरवून दिले आहे, आणि त्यात नाण्यांच्या जोडीला ग्राहकाकडून सुपाऱ्या आणि तेलघाण्यामागे पळीभर तेलही आहे. आठशे वर्षांपूर्वीही खान्देशातले देणे-घेणे एकट्या नाण्यावर चालत नव्हते, हे या लेखावरून दिसते.

पुढे कित्येक शतके गावातली परिस्थिती अशीच राहिली. सुतार, लोहार, न्हावी, कुंभार यांना बलुते सुगीच्या वेळी धान्यात मिळे. मीठ, तेल, कापड यांसाठी नाणे लागे, तेही बहुधा तांब्याचे. दख्खनभर चालणारी शिवराई त्यातलीच. चांदीचा रुपया सरकारचा वसूल आणि मोठा व्यापार यांच्या कामी येई. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर खान्देश हा मोगलांचा सुभा झाला आणि सुभ्याच्या राजधानीत, बऱ्हाणपुरात, टांकसाळ चालू लागली. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशा वाटेने बऱ्हाणपूरकडे जाणारा तापीकाठचा रस्ता तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या प्रमुख व्यापारी रस्त्यांपैकी एक होता.

या रस्त्यावरून चांदीच्या थैल्या नेणे धोक्याचे होते. म्हणून सावकारी पेढ्यांची हुंडी चाले. बऱ्हाणपुरात पैसे भरावेत, कागद घ्यावा आणि सुरतेच्या पेढीवर तो दाखवून रक्कम उचलावी. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनी. शहाजोग हुंडीची रक्कम फक्त बाजारात पत असलेल्या माणसाला दिली जाई, त्यामुळे वाटेत लुटणाऱ्याला तो कागद निरुपयोगी ठरे. या सोयीची किंमत म्हणजे हुंडणावळ. शिवाय एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या बाजारात देताना सराफ बट्टा कापे, नाणे वाजवून पाही आणि मगच घेई. पैसे हलवणाऱ्याचा मोबदला कोणी द्यायचा हा प्रश्न कार्डाच्या यंत्रासोबत आलेला नाही. खान्देशाच्या बाजारपेठांना तो तेव्हापासून ठाऊक आहे.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे केले आणि तिथे नवी पेठ वसवली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि सातपुड्यातील व सह्याद्रीच्या घाटांतील भिल्ल नायकांशी चाललेला संघर्ष यांनी प्रदेश ओसाड झाला होता. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केल्यावर रस्ते हळूहळू वाहते झाले. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया ठरला आणि बट्ट्याचा धंदा उताराला लागला.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा बदल साऱ्याचा होता. सारा रोख रुपयांत आणि ठरलेल्या हप्त्यांनी भरायचा, पीक मात्र आपल्या वेळेलाच हाती येणार. १८५२ मध्ये जमिनीची नवी मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत शेतकऱ्यांनी उठाव केला, आणि सरकारला तो लष्कर आणून मोडावा लागला. हप्ता आणि पीक यांच्यामधले महिने सावकाराने भरून काढले. त्याच्या चोपडीत शेतकऱ्याच्या नावे रक्कम पडे, खाली अंगठा उठे, आणि कापूस आला की तो बहुतेक वेळा त्याच सावकाराच्या ओट्यावर उतरे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यावर उपाय म्हणून १८७९ मध्ये आलेला दख्खन शेतकरी मदत कायदा आधी पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता होता. खान्देश त्यात नव्हता.

मजुराचे वर्षही असेच बांधलेले होते. खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी त्या सणाला माहेरी येतात, आणि शेतीच्या नव्या वर्षाचा सालदारही त्याच सुमारास ठरतो. सालाची रक्कम बोलायची, त्यातली काही उचल म्हणून आधी द्यायची, बाकी वर्षभर धान्य, कपडे आणि अडीअडचणीचे रुपये यांत फिटत जायची. अशा घरात रोख पैसा दिसे तो आखाजीला. इतर दिवशी किराणा दुकानदाराच्या वहीवर चाले. म्हणजे रोजचा खर्च उधारीवर आणि रोकड वर्षातून एक-दोनदा, असा या प्रदेशाचा रिवाज होता. रोकड हीच इथली जुनी रीत आणि कार्ड तेवढे नवे, ही समजूत शहरी पगारदाराच्या अनुभवातून आलेली आहे. खान्देशातल्या शेतकरी घराला ती लागू पडत नाही.

रोकड खेड्यात घाऊक प्रमाणात आली ती कापसामुळे. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरला तिकडचा कापूस मिळेना, मुंबईत भाव भडकले, आणि त्याच दशकात रेल्वे चाळीसगाव-जळगाव-भुसावळ अशी पुढे सरकली. जळगाव हे तोवर लहान गाव होते, ते कापसाची मोठी पेठ झाले. १८७० च्या दशकात तिथे खान्देश मिल उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमळनेरला प्रताप मिल. गिरणीने ठरलेल्या दिवशी रोख पगार घेणारा वर्ग तयार केला, आणि दुकानदाराची वही वर्षाऐवजी महिन्याने मिटू लागली. अमळनेरची एक गोष्ट ओघात सांगण्याजोगी आहे. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तूप तयार करणारी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर घेऊन ठेवलेल्या स्थानिक कुटुंबांकडे कालांतराने जी संपत्ती जमली, ती ना रोकडीत होती ना सोन्यात.

सरकारही आपला पैसा रोखीनेच हलवत असे, आणि त्यातला धोका १४ एप्रिल १९४४ रोजी उघडा पडला. धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीने निघालेला सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यातील चिमठाणे गावाजवळ क्रांतिकारकांनी अडवून लुटला. सुमारे साडेपाच लाख रुपये त्यांच्या हाती लागले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. लाड आणि नागनाथ नायकवडी या धाडीत होते, आणि खान्देशातल्या डॉ. उत्तमराव पाटील यांच्यासह स्थानिक कार्यकर्त्यांची त्यांना साथ होती. भूमिगत चळवळीला पैसा हवा होता आणि तो रस्त्यावरून उघड चालला होता.

स्वातंत्र्यानंतर बँक खेड्याजवळ आली ती आधी सहकारातून. विविध कार्यकारी सोसायटी आणि जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्यामार्फत पीककर्ज मिळू लागले. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि अग्रणी बँक योजनेत जळगाव व धुळे हे जिल्हे सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे आले. याच बँकेने १९८० मध्ये ‘सेंट्रलकार्ड’ काढले. भारतीय बँकांच्या अगदी पहिल्या क्रेडिट कार्डांत त्याची गणना होते. ते मोठ्या शहरांतल्या मोजक्या ग्राहकांपुरते होते. ज्या जिल्ह्यांची ती अग्रणी बँक होती, तिथला शेतकरी त्या वर्षांत कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहत होता. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापूस केंद्रावर घालायचा, ग्रेड ठरायची आणि पैसे हप्त्याहप्त्याने यायचे. चुकारा थकला की किराणा, खते आणि शाळेची फी पुन्हा उधारीवर जाई. त्यामुळे नियमाची पर्वा न करता दारात येऊन, जरा कमी भावाने का होईना पण रोख मोजणारा व्यापारी त्याला जवळचा वाटे.

शेतकऱ्याच्या घरात ‘कार्ड’ हा शब्द १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्डाबरोबर शिरला. प्लास्टिकशी त्याचा संबंध नव्हता. ते सोसायटीत किंवा बँकेत दाखवायचे छोटे पासबुक होते. दुकानात ते चालत नसे. त्याच काळात जळगाव जिल्ह्यात पतसंस्था फोफावल्या होत्या. जादा व्याज आणि ओळखीचा संचालक यांवर विसंबून निवृत्त शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी तिथे ठेवी ठेवल्या. पुढे अनेक संस्थांत त्या अडकल्या. भाईचंद हिराचंद रायसोनी या जळगावच्या बहुराज्यीय पतसंस्थेवर २०१५ मध्ये अवसायक नेमावा लागला. खात्यात पैसा ठेवण्याविषयी जिल्ह्यात जी धास्ती आढळते, तिला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण तिच्यामागे हा ताजा अनुभव आहे.

२०१४ च्या जनधन खात्यांबरोबर रुपे कार्डे वाटली गेली. ती मुख्यतः एटीएमच्या रांगेत वापरली गेली: अनुदान किंवा पीकविमा जमा झाला की तालुक्याला जायचे, रक्कम काढायची आणि खर्च रोखीने करायचा. लहान दुकानदाराला यंत्राचे भाडे आणि प्रत्येक विक्रीवरची कपात परवडत नसे. मॉल, पेट्रोल पंप, जळगावची सुवर्णपेढी इथे कार्ड घासले जाई. आठवडे बाजारात ते कधी पोहोचलेच नाही.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोवर ठरते आणि ती रोख द्यावी लागते. आठवडाभरातच, १४ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई केली आणि ज्या बँकेत शेतकऱ्यांची खाती सर्वाधिक, तिथेच व्यवहार तुंबला. रोखीची गैरसोय झाली म्हणून लोक कार्डाकडे वळले, असे मात्र खेड्यात घडले नाही. किराणा दुकानदाराने पुन्हा वही काढली.

बदल घडला तो काही वर्षांनी, मोबाइलवरून. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले, आणि जानेवारी २०२० पासून त्यावर व रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून कपात घेणे बंद झाले. हुंडणावळीपासून चालत आलेला मोबदल्याचा भार निदान गल्ल्यावरून उतरला. चहाची टपरी आणि भाजीची पाटी कार्डाचा टप्पा न गाठताच क्यूआर कोडवर गेली. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्यासाठी आधारशी जोडलेले छोटे यंत्र घेऊन बँकेचा प्रतिनिधी गावात बसतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला तो टेंभली येथे. हे गाव आज नंदुरबार जिल्ह्यात असले तरी १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. सावकाराच्या चोपडीत उमटणारा अंगठा आता स्वतःच्या खात्यातले पैसे काढून देतो, आणि ते पैसे नोटांतच हाती येतात.

मोठ्या व्यवहारांवर कायद्याने मर्यादा घातल्या आहेत. एप्रिल २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा अधिक रक्कम रोख घेता येत नाही. सराफ बाजाराला त्याची झळ लागली. २०१९ मध्ये बँकेतून वर्षाला एक कोटीहून अधिक रोख काढल्यास करकपात लागू झाली, तेव्हा शेतमाल रोखीने घेणाऱ्या बाजार समितीच्या व्यापाऱ्यांना त्यातून लगेच सूट द्यावी लागली. खान्देशात कापसाची खेडा खरेदी अजून जोरात आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभाव मिळतो, पण ओलावा तपासला जातो आणि पैसे नंतर खात्यात येतात. व्यापारी दारात वजन करतो आणि तिथल्या तिथे नोटा मोजतो. त्या खात्यात आधीचे पीककर्ज थकलेले असेल तर जमा झालेल्या रकमेला बँकेचा हात लागेल, ही भीती शेतकऱ्याला असते. त्याच नोटांतून तो वेचणीची मजुरी, सालदाराची उचल आणि दुकानाची मागची बाकी चुकती करतो.