सेलेनियमच्या कांडीची साक्ष

विज्ञानाचा इतिहास आपण बहुधा यशाचा इतिहास म्हणून वाचतो. शोधकाने काय मिळवले ते आपणांस सांगितले जाते. त्याचे कोणते माप जुळत नव्हते, हे क्वचितच सांगितले जाते. आम्ही येथे जी हकीकत मांडणार आहोत, ती अशा एका न जुळणाऱ्या मापाची आहे. प्रकाश ओळखणाऱ्या विद्युत्-साधनांची परंपरा तिच्यातूनच निघाली.

समुद्राच्या तळाशी तारा अंथरून खंड जोडण्याचा तो काळ. १८६६ मध्ये अटलांटिकची तार कायमची चालू झाली. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनच्या दिशेने तार टाकली. तारेवर गटापर्चाचे वेष्टन असे. त्यास सुईएवढे छिद्र पडले तरी प्रवाह समुद्रात झिरपे. म्हणून तार पाण्यात उतरत असतानाच जहाज व किनारा यांच्या दरम्यान तिची परीक्षा अखंड चालू ठेवावी लागे.

या परीक्षेसाठी विलोबी स्मिथ या इंग्रज विद्युत्तज्ज्ञाने एक पद्धती बसविली. तिच्यासाठी किनाऱ्याच्या टोकाशी फार मोठा, परंतु स्थिर असा रोध हवा होता. बर्झेलियसने १८१७ मध्ये शोधलेले सेलेनियम त्याने निवडले. ५ ते १० सेंटिमीटर लांबीच्या, १ ते १.५ मिलिमीटर जाडीच्या कांड्या केल्या. दोन्ही टोकांस प्लॅटिनमच्या तारा जोडून त्या काचेच्या नळ्यांत बंद केल्या. काही कांड्यांचा रोध १,४०० मेगोहम भरला. हवे होते तेवढे मिळाले. पण एक विघ्न उभे राहिले. निरनिराळ्या माणसांनी घेतलेली मापे एकमेकांशी क्वचितच जुळत.

अशा वेळी दोन वाटा फार सोप्या असतात. एक, मापे घेणाऱ्यांना निष्काळजी ठरवावे. दुसरी, सेलेनियम फेकून द्यावे. यांपैकी कोणतीही वाट धरली असती, तर पुढचा इतिहास त्या कांड्यांबरोबरच केरात गेला असता. स्मिथने तिसरी वाट धरली. मापे बदलतात, तर त्यांच्याबरोबर आणखी काय बदलते, हे त्याने पाहिले.

कांड्या सरकत्या झाकणाच्या पेटीत ठेवल्या. झाकण बंद असता रोध सर्वांत अधिक व स्थिर राही. झाकण काढताच वाहकता १५ पासून १०० टक्क्यांपर्यंत वाढे. कित्येक फुटांवरील गॅसच्या दिव्यासमोर नुसता हात आडवा धरला, तरी रोध १५ ते २० टक्क्यांनी चढे. पण प्रकाशाबरोबर उष्णताही येते. खरी कारणीभूत कोण? हा संशय फेडण्यासाठी त्याने कांडी पाण्यात ठेवली. वर सुमारे इंचभर पाणी राहील अशी व्यवस्था केली. तरी परिणाम तोच. पाण्यावर नऊ इंचांवर मॅग्नेशियमची फीत जाळली, तेव्हा रोध तत्काळ दोन तृतीयांशाहून अधिक उतरला आणि ज्योत विझताच पूर्ववत झाला. कांडी खरेच बोलत होती. ती प्रकाशाची साक्ष देत होती, एवढेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते. ४ फेब्रुवारी १८७३ रोजी लॅटिमर क्लार्क यांस लिहिलेल्या पत्रात स्मिथने हे सर्व कळविले. १८८० मध्ये बेल आणि टेंटर यांनी प्रकाशकिरणावरून बोलणे पोहोचविले, त्या फोटोफोनमध्ये हेच सेलेनियम होते.

आज शाळेतील मुलगा मायक्रोकंट्रोलरला प्रकाशग्राही रोध जोडतो. तो बहुधा कॅडमियम सल्फाइडचा असतो, तत्त्व तेच. त्याचे एक टोक ५ व्होल्टला जोडतात, दुसरे एका ठरावीक रोधातून जमिनीला; मधल्या बिंदूवरील दाब 'आर्डुइनो ऊनो' ० ते १०२३ या आकड्यांत सांगतो. ठरावीक रोध राहून गेला, तर आकडा वरच्या टोकाला चिकटून बसतो. तार सुटली, तर वाटेल तसा भटकतो. मुलगा म्हणतो, यंत्र बिघडले!

त्याला आम्ही स्मिथची पेटी दाखवू. आधी प्रकाशग्राही रोध काळ्या कागदाने झाकावा. आकडा उतरून स्थिर राहिला, तर चंचलता दिव्याची आहे. ५० आवर्तनांच्या विजेवरील दिवा सेकंदास १०० वेळा कमीजास्त होऊ शकतो. झाकूनही आकडा नाचला, तर जोडणी तपासावी. मग प्रकाशग्राही रोधाच्या जागी ठरावीक रोधाएवढाच दुसरा साधा रोध बसवावा. आकडा ५१२ च्या आसपास स्थिरावला, तर मायक्रोकंट्रोलर निर्दोष समजावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तसेच ठेवायचे. पाण्याखालच्या कांडीची परीक्षाही याच शिस्तीने झाली होती.

न जुळणाऱ्या मापांची सरासरी काढून त्यांचा कलह मिटविणे हे हिशेबाला सोयीचे असते. परंतु त्या किनाऱ्यावर कोणी तशी सरासरी काढून समाधान मानले असते, तर तार कदाचित तपासली गेली असती. प्रकाशाची वार्ता मात्र वहीतच पुसली गेली असती. म्हणून आपल्या मुलांच्या हाती उपकरणे देताना, न जुळलेला आकडा खोडू नये, त्याच्याशेजारी त्या वेळचा उजेडही लिहून ठेवावा, एवढी सवय त्यांना लावणे हे आपले कर्तव्य आहे.